शोधणाऱ्याला सापडले पाहिजे

(संस्थेच्या वतीने करकंब येथे घेण्यात आलेल्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)





संस्थेची स्वतःची वेबसाईट सुरू करावी असे कार्यकारिणीने ठरविले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. वेबसाईट तयार करणे आज अवघड राहिलेले नाही. आपल्यातलाच एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी दोन-चार दिवसांत ती उभी करू शकेल. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्याला त्या माहितीची गरज आहे त्याला ती सापडणार कशी? इंटरनेटवर कोट्यवधी पाने आहेत. त्यांत आपले पान कोणाच्या नजरेस पडलेच नाही, तर ते लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच. पान सापडावे म्हणून जी काळजी घ्यायची तिला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' असे भारदस्त नाव आहे. थोडक्यात 'एसईओ' म्हणतात. आपण साध्या मराठीत 'सापडण्याची सोय' म्हणू.

मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. संगणक अभियंता नाही. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण हा विषय जितका यंत्राचा आहे, त्याहून अधिक भाषेचा आणि नोंदी नीट ठेवण्याचा आहे.

बंधू-भगिनींनो, आपला संदेश लोकांना सापडावा याची काळजी सम्राट अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी घेतली होती. त्याने आपले धम्मलेख राजवाड्याच्या कोठारात ठेवले नाहीत. जिथून माणसांची ये-जा होती अशा ठिकाणी खडकांवर आणि स्तंभांवर ते कोरविले. आपल्या महाराष्ट्रात ते सोपाऱ्याला, म्हणजे व्यापारी बंदरावर सापडले. आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती येथे सापडले. जिथे जी भाषा आणि लिपी चालत होती, तिथे ती वापरली. बहुतेक ठिकाणी प्राकृत भाषा आणि ब्राह्मी लिपी, वायव्येला शाहबाजगढी व मानसेहरा येथे खरोष्ठी, तर कंदाहारला ग्रीक आणि ॲरेमाइक. वाचणारा कोण आहे, तो कोठून जातो, त्याची बोली कोणती, हे तीन प्रश्न अशोकाने आधी विचारले. एसईओचे सार या तीन प्रश्नांत आहे.

त्याच लेखांची दुसरी कथाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा आणि मेरठ येथील अशोकस्तंभ दिल्लीला आणविले. पंडितांना बोलावून लेख वाचायला सांगितले, पण कोणालाही ते वाचता आले नाहीत. अखेर १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने त्या लिपीचा उलगडा केला. म्हणजे लेख होता, डोळ्यांसमोर होता, पण शतकानुशतके तो मुका होता. हे उदाहरण मी मुद्दाम देतो आहे, कारण आपलेही पुष्कळ लिखाण आज असेच मुके पडून आहे. ते कसे, हे पुढे सांगतो.

आधी शोधयंत्र कसे चालते ते पाहू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९८ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी स्थापन केली. आपण गूगलवर शब्द टाकतो तेव्हा ते त्या क्षणी जगभर धावत सुटत नाही. त्याचे काम आधीच झालेले असते. त्याचे स्वयंचलित प्रोग्रॅम एका पानावरून दुव्याने, म्हणजे लिंकने, दुसऱ्या पानावर जात सतत वाचन करीत असतात. वाचलेल्या पानांची प्रचंड मोठी सूची तयार होते. आपण शब्द टाकला की त्या सूचीतून जुळणारी पाने काढून, त्यांची क्रमवारी लावून ती आपल्यापुढे ठेवली जातात. वाचणे, सूचीत नोंदविणे आणि क्रम लावणे अशा या तीन पायऱ्या आहेत.

बँकेत पूर्वी मोठमोठी लेजर असत. खातेदार काउंटरवर आला म्हणजे कारकून लेजरची शेकडो पाने उलटीत बसत नसे. आधी इंडेक्स पाहायचा, नावावरून खाते क्रमांक आणि क्रमांकावरून लेजरचे पान काढायचे. इंडेक्समध्ये नाव चुकीचे चढले असेल, तर लेजरमध्ये खाते आणि खात्यात पैसे असूनही माणूस रिकाम्या हाताने परत जाई. शोधयंत्राच्या सूचीचेही तसेच आहे. आपले पान त्या सूचीत योग्य नावाने चढले पाहिजे, एवढेच आपल्याला साधायचे आहे.

आता कोणी म्हणेल, आपल्या छोट्या गावातल्या छोट्या संस्थेचा या पसाऱ्यात निभाव कसा लागणार? याचे उत्तर दिलासा देणारे आहे. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' एवढेच शब्द टाकले तर आपली वेबसाईट पहिल्या पानावर येणार नाही. तशी ती यावी असा हट्टही नको. त्या नावावर विद्यापीठांची, शासनाची, मोठ्या वृत्तपत्रांची पाने आहेत. पण 'करकंब', 'पंढरपूर तालुका', 'धम्मदीक्षा', 'जुन्या आठवणी' हे शब्द एकत्र टाकणाऱ्याला द्यायला फार थोड्यांकडे काही आहे. विषय जितका नेमका, तितकी गर्दी कमी. लहान वेबसाईटचे बळ याच नेमकेपणात आहे.

आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. 'बाजार आमटी' म्हटले की आज करकंबचे नाव पुढे येते. आठवडी बाजारातली ही आमटी मोबाईलच्या पडद्यावरून दूरवर पोचली. तिच्यासाठी कोणी जाहिरातीची कंपनी नेमली नव्हती. पदार्थ नेमका होता, नाव नेमके होते, गाव नेमके होते, आणि लोकांनी तो गावाच्या नावासह सांगितला. आमटीचा आपल्याला अभिमान आहेच. पण करकंबच्या आपल्या वस्तीत पहिला मॅट्रिक कोण झाला, पहिले वाचनालय कोठे भरले, १९५६ नंतर लोकांनी जुने देव्हारे कसे विसर्जित केले, हे विचारणाऱ्यालाही उत्तर मिळायला नको काय?

म्हणून पहिली गोष्ट शब्दांची. आपण पान लिहितो आपल्या शब्दांत, पण शोधणारा टाइप करतो त्याच्या शब्दांत. हे दोन्ही शब्द पानावर भेटले पाहिजेत. आपण अहवालात लिहितो 'शैक्षणिक सहाय्य उपक्रम'. विद्यार्थी टाइप करतो 'बारावीनंतर स्कॉलरशिप' किंवा 'पंढरपूर होस्टेल'. तेव्हा पानाला 'बारावीनंतरच्या शिष्यवृत्त्या (स्कॉलरशिप)' असे साधे नाव द्यावे. लोक कोणते शब्द वापरतात हे कळायला पैसे लागत नाहीत. गूगलवर दोन शब्द टाइप करून थांबले की खाली सुचविलेले शब्द दिसतात. ते वहीत उतरवून घ्या. शेजारच्या ताईंना, आजोबांना विचारा, 'हे शोधायचे असेल तर तुम्ही काय म्हणाल?' आज पुष्कळ जण टाइप न करता मोबाईलवर बोलून विचारतात, म्हणून बोलीतले पूर्ण प्रश्नही लिहून ठेवा.

शब्दांच्या बाबतीत आपल्यापुढे एक विशेष अडचण आहे, आणि ती स्वाभिमानाची आहे. शासनाच्या कागदांवर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असा शब्दप्रयोग असतो. आपण स्वतःला बौद्ध म्हणवितो, 'नव' हा उपसर्ग अनेकांना खटकतो, आणि ते योग्यच आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी फॉर्मवरचाच शब्द टाइप करणार. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलतींचा मार्ग मोकळा केला. त्या संबंधीच्या प्रमाणपत्राची माहिती शोधणारासुद्धा कचेरीतलाच शब्द वापरतो. तीच गोष्ट वस्त्यांच्या नावांची. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला. तो स्वागतार्ह आहे. परंतु जुनी दप्तरे, शाळेचे दाखले आणि अभ्यासकांची पुस्तके यांत जुनीच नावे आहेत.

यातून मार्ग असा काढता येईल. पानाच्या शीर्षकात आपला शब्द, आपल्या सन्मानाचा शब्द ठेवावा. आणि मजकुरात एकदा स्पष्ट लिहावे, 'शासकीय कागदपत्रांत याला अमुक म्हटले जाते' किंवा 'जुन्या दप्तरात या वस्तीची नोंद अमुक नावाने आहे'. त्यामुळे जुना शब्द घेऊन आलेला माणूस आपल्यापर्यंत पोचतो आणि आपला शब्द घेऊन परत जातो.

दुसरी गोष्ट लिपीची. मघाशी मुक्या लेखांबद्दल बोललो ते इथे लागू पडते. गेल्या तीस वर्षांत आपल्या संस्थांनी पुष्कळ स्मरणिका, पत्रके, अहवाल छापले. त्यांचे डीटीपी बहुधा जुन्या फॉन्टमध्ये झाले. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी अक्षर दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठविलेली असतात. फॉन्ट काढला की उरते ती अगम्य खिचडी. शोधयंत्र ती खिचडी वाचते आणि त्याला काहीच बोध होत नाही. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले. युनिकोडमध्ये 'क' हा सर्वत्र 'क'च असतो, मग फॉन्ट कोणताही असो. तेव्हा वेबसाईटवरचा प्रत्येक शब्द युनिकोडमध्येच हवा. परीक्षा सोपी आहे. पानावरची एक ओळ कॉपी करून मोबाईलच्या संदेशात चिकटवा. जशीच्या तशी मराठी उमटली तर ठीक, नाही तर ते पान अशोकस्तंभासारखे मुके आहे असे समजा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅम मिळतात. मात्र बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावा लागतो, कारण जोडाक्षरे हमखास बिघडतात.

जोडाक्षरांवरून आठवले. आपल्या फ्लेक्सवर, निमंत्रणपत्रिकांवर तथागतांचे नाव कित्येकदा 'बुध्द' असे छापलेले दिसते. शुद्ध रूप 'बुद्ध', म्हणजे आधी द आणि मग ध. डोळ्याला फरक किरकोळ वाटतो, पण संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी अक्षरक्रमांची नावे आहेत. शोधयंत्रे आता अशा पुष्कळ चुका समजून घेतात. पण सगळीच यंत्रे नेहमी घेतात असे नाही, आणि एखाद्या पानातल्या पानात शब्द शोधायचा तर नाहीच. ज्यांचा धम्म आपण स्वीकारला, त्यांचे नाव तरी आपल्या वेबसाईटवर शुद्ध असावे. हीच काळजी 'दीक्षा', 'महापरिनिर्वाण', 'आंबेडकर' या शब्दांची. हिंदीत 'अंबेडकर' लिहितात. हिंदी वाचकासाठी वेगळे पान असेल तर तिथे ते रूप येऊ द्यावे.

लिपीच्याच ओघात फोटोंविषयी सांगतो. आपल्याला पत्रकाचा फोटो काढून टाकण्याची सवय आहे. फोटोतला मजकूर यंत्राला काही वेळा वाचता येतो, पण त्यावर विसंबून राहू नये. फोटो जरूर ठेवा, कारण तो पुरावा आहे. पण त्याच्या खाली तोच मजकूर टाइप करून द्या. प्रत्येक फोटोला वर्णन जोडण्याची सोय असते. तिथे 'फोटो १' असे न लिहिता 'करकंब येथील धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मिरवणूक' असे लिहा. याचा दुसराही लाभ आहे. आपले दृष्टिहीन बांधव ज्या वाचक प्रोग्रॅमने मोबाईल ऐकतात, तो प्रोग्रॅम हेच वर्णन वाचून दाखवितो.

हे सारे कोणी करून दाखविले आहे काय? होय, आणि दोन्ही उदाहरणे आपल्या जिव्हाळ्याची आहेत. पहिले इगतपुरीचे. तेथील विपश्यना विशोधन विन्यासाने पाली तिपिटकाचा संपूर्ण पाठ संगणकावर आणला. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या सहाव्या संगायनेत, म्हणजे छट्ठ संगायनेत, संशोधित झालेला हा पाठ. आधी तो सीडीवर दिला आणि पुढे वेबसाईटवर देवनागरीसह अनेक लिप्यांत मोफत उपलब्ध केला. पानांचे नुसते फोटो न देता अक्षर न अक्षर मजकूर म्हणून दिल्यामुळे आज करकंबला बसून एखादा पाली शब्द तिपिटकात कोठे कोठे आला आहे हे काढता येते. दुसरे उदाहरण कोलंबिया विद्यापीठाचे, जिथे बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ या काळात शिक्षण घेतले. तेथील प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी बाबासाहेबांचा 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हा ग्रंथ वेबसाईटवर सिद्ध केला. एकच जाडजूड फाइल न टाकता त्याचे क्रमवार भाग पाडले, भागांना नावे दिली, टीपा आणि दुवे जोडले. एका प्राध्यापिकेच्या अभ्यासातून उभी राहिलेली ही पाने जगभरचे विद्यार्थी वापरतात.

त्या ग्रंथाचा इतिहासही इथे आठवावा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या १९३६ सालच्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी ते भाषण लिहिले. मंडळाला ते पेलवले नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी स्वखर्चाने १,५०० प्रती छापल्या. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. आज आपल्याला तसा नकार देणारा कोणी संपादक मध्ये उभा नाही. दार उघडे आहे. अशा वेळी आपण लिहिलेच नाही, किंवा सापडणार नाही अशा रीतीने लिहिले, तर दोष कोणाला देणार?

तिसरी गोष्ट पानाच्या मांडणीची. एका पानावर एकच विषय घ्यावा. अहवाल, फोटो, वर्गणीदारांची यादी आणि बुद्धवंदना एकाच पानावर कोंबली, तर ते पान नेमके कशाबद्दल आहे हे यंत्रालाही कळत नाही आणि माणसालाही नाही. प्रत्येक पानाला आठ-दहा शब्दांचे स्वतंत्र शीर्षक द्या. 'मुखपृष्ठ', 'स्वागत', 'आमच्याविषयी' ही शीर्षके कोणी शोधत नाही.

एक उदाहरण करून पाहू. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही केवढी मोठी घटना! समजा, आपल्याला त्यावर पान लिहायचे आहे. 'इतिहासाची सोनेरी पाने' असे शीर्षक दिले तर ते कोणाला सापडणार? 'सोलापूर येथील बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह, १९२५' असे दिले तर घटना, गाव आणि साल तिन्ही त्यात आले. शीर्षकानंतर दोन वाक्यांचा सारांश जोडावा. शोधाच्या निकालात शीर्षकाखाली तो दिसू शकतो आणि तिथला मजकूर वाचूनच माणूस पान उघडायचे की नाही ते ठरवितो. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कोठे, केव्हा हे सांगून टाकावे. 'पन्नास वर्षांपूर्वी' असे न लिहिता साल लिहावे, 'आपल्या गावी' असे न लिहिता 'करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर' असे लिहावे. घरच्या माणसाला हे अनावश्यक वाटेल, पण शोधणारा बाहेरचा आहे.

चौथी गोष्ट दुव्यांची. गूगलची मूळ कल्पना अशी होती की, एखाद्या पानाकडे इतर चांगल्या पानांनी बोट दाखविले असेल तर ते पान विश्वासाचे मानावे. विद्वानांच्या ग्रंथांत एकमेकांचे संदर्भ असतात, त्यावरून ही कल्पना सुचली. गावातसुद्धा चार जाणत्यांनी 'अमक्याकडे जा' म्हटले की त्या माणसाचे वजन वाढते. म्हणून आपल्या वेबसाईटची पाने एकमेकांना जोडा. वसतिगृहाच्या पानावरून आजच्या शिष्यवृत्तीच्या पानाकडे दुवा द्या. तालुक्यातील महाविद्यालये, वाचनालये, इतर गावांतली विहारे यांना भेटून, आपले पान उपयुक्त वाटत असेल तर त्यांच्या वेबसाईटवर दुवा देण्याची विनंती करा. पैसे घेऊन दुवे विकणारे लोक आहेत. त्यांच्या नादी लागू नका. गूगल अशा दुव्यांना फसवणूक समजते आणि पकडल्यास पान मागे ढकलते.

हाच नियम शब्दांच्या भरण्यालाही लागू आहे. काही जण एकच शब्द पन्नास वेळा लिहितात, किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवितात. पूर्वी पानाच्या पोटात दडवून ठेवायच्या शब्दांची एक यादी असे. क्रमवारीसाठी आपण ती यादी पाहत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले. तरी आजही ती भरून देण्याचे पैसे घेणारे भेटतात. उपासकांनो, आपल्याला अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा ठाऊक आहे. शीर्षकात जे सांगितले ते पानात असले पाहिजे. 'या, पाहा आणि पारखून घ्या' असे धम्माचे स्वरूप आहे. पाली भाषेत त्याला एहिपस्सिको म्हणतात. चांगल्या पानाचेही स्वरूप तेच.

पाचवी गोष्ट देखभालीची. आपला वाचक मोबाईलवर आहे, आणि पुष्कळदा रेंज कमी असलेल्या ठिकाणी आहे. चार-पाच एमबीचे फोटो टाकले तर पान उघडेपर्यंत तो निघून जाईल. फोटो लहान करून टाका. गूगलची 'सर्च कन्सोल' नावाची मोफत सेवा आहे. तिथे वेबसाईटची नोंद करावी आणि सर्व पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, द्यावी. लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा आपले पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले, हे तिथे कळते. दर महिन्याला एका विद्यार्थ्याने हा हिशेब कार्यकारिणीपुढे वाचावा. एखादे पान पुष्कळांना दिसते पण कोणी उघडत नाही, तर शीर्षक सुधारावे. लोक भलत्याच शब्दांनी येत असतील, तर त्यांना काय हवे आहे ते ओळखून नवे पान लिहावे. नवे पान सूचीत चढायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. धीर धरावा. शिष्यवृत्तीसारख्या पानावर मात्र शासनाच्या अधिकृत वेबसाईटचा दुवा आणि 'माहिती शेवटची केव्हा तपासली' ती तारीख अवश्य असावी. जुनी मुदत वाचून एखाद्या मुलाचे वर्ष वाया गेले, तर पहिल्या क्रमांकावर येऊन काय उपयोग?

वेबसाईटचे नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्या नावावर घ्या. ते दर वर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरून चालू ठेवावे लागते. एखाद्या उत्साही तरुणाच्या खासगी खात्यावर ते घेतले, तो नोकरीला परगावी गेला, आणि वेबसाईट बंद पडली असे होऊ नये. फुकटच्या जागेवरही सर्वस्वी विसंबू नका. याहू कंपनीची 'जिओसिटीज' ही मोफत पानांची सेवा २००९ साली अमेरिकेत बंद झाली, आणि लोकांनी हौसेने लिहिलेली असंख्य पाने तिच्याबरोबर गेली. 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेच्या 'वेबॅक मशीन'मध्ये आपली पाने जतन करण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. आणि मूळ मजकुराची एक छापील प्रत संस्थेच्या कपाटात ठेवावीच.

आता एक इशारा. सापडण्याची सोय करताना काय सापडू नये याचाही विचार करा. विद्यार्थ्यांचे मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाते, जातीचे दाखले, घरचे पत्ते वेबसाईटवर कधीही टाकू नका. शिष्यवृत्ती मिळालेल्यांची यादी कौतुकाने टाकली जाते आणि तीच यादी फसवणूक करणाऱ्याच्या हाती लागते. 'तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा' असा फोन ज्याला येतो, त्याचे नाव कोठून तरी मिळालेलेच असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली कायदाही झाला आहे. नाव किंवा फोटो टाकण्याआधी त्या माणसाची, आणि अल्पवयीन असेल तर पालकांची, संमती घ्या.

शेवटी हे सारे कशासाठी, ते सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी अजून त्यांच्या तोंडीच आहेत. वर्षागणिक एकेक जण जातो आणि त्याच्याबरोबर एकेक पान जाते. दुसरीकडे शोधयंत्रांची पद्धतही बदलते आहे. आता ती नुसती पानांची यादी देत नाहीत, तर वरच्या बाजूला स्वतःच तयार केलेले उत्तरही देतात. ते उत्तर लिहिलेल्या मजकुरातूनच बनते. आपण आपल्याबद्दल लिहिले नाही, तर दुसऱ्यांनी आपल्याबद्दल जे लिहिले तेवढ्यावरून उत्तर तयार होईल, आणि उद्या आपलीच नातवंडे ते खरे मानतील. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्याला माहीत आहे. केवळ ऐकीव म्हणून, केवळ ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये. तसेच केवळ पहिल्या क्रमांकावर आहे म्हणूनही स्वीकारू नये. पण पारखायला दुसरी बाजू उपलब्ध असावी लागते. ती उपलब्ध करून देणे आपल्या हाती आहे.

म्हणून विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यापुढे छोटे काम ठेवतो. प्रत्येकाने आपल्या वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे बसावे. आजी असोत, आजोबा असोत, त्यांची संमती घेऊन, सन आणि गाव विचारून, त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवावे. घरात जुने पत्रक, पावती, फोटो असेल तर त्याची नोंद करावी. ऐकलेले आणि कागदावर असलेले वेगवेगळे लिहावे. मग त्याचे एक पान करावे, शुद्ध मराठीत, युनिकोडमध्ये, नेमक्या शीर्षकाखाली. दहा विद्यार्थ्यांनी दहा पाने केली तरी करकंबच्या आपल्या समाजाचा इतिहास शोधणारा रिकाम्या हाताने परत जाणार नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!